उचला, पण विचारून

कुंदाताई,

बुधवारी तुझ्या दारात मी एकच शब्द पुन्हा पुन्हा ऐकला. "सुटली." तुझ्या वहिनीच्या माहेरच्या बायका म्हणाल्या, समोरच्या भांड्यांच्या दुकानातले काका म्हणाले. "सुटली बिचारी. जन्मभर भोगलं." तुझ्या उंबऱ्याशी तू भांडून घालून घेतलेला तो सिमेंटचा उतार आहे ना, त्याच्यावर आलेल्यांच्या चपलांचा ढीग पडला होता. मला कुबडी टेकायला जागा नव्हती. मी चपला बाजूला घ्यायला सांगितल्या. कुणीतरी पुटपुटलं, आज तरी शांतता ठेवा. मी शांतपणेच उभी राहिले, चपला बाजूला होईपर्यंत.

मग एक गृहस्थ माझ्याजवळ आले. मी त्यांना तुझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. माझ्या पायांकडे बघत, मला तरी हे पटेलच अशा आवाजात, ते म्हणाले, "एका अर्थी सुटल्या हो."

"अडकल्या कुठं होत्या?" मी विचारलं.

ते गोंधळले. नाही म्हणजे, पायानं अधू, एकट्या, वगैरे म्हणाले. मी त्यांना विचारलं, तुम्ही ताम्हिणीचा घाट कितीदा उतरलात? ते म्हणाले, गाडीतून एकदा गेलो होतो, कुणाच्या तरी लग्नाला. कुंदाताई दर हिवाळ्यात उतरायच्या, मी म्हटलं, स्कूटरवरून, आम्हाला मागे घेऊन. त्यावर ते चहा बघायला आत गेले.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "बिचाऱ्याला कशाला छळलंस? त्याला लग्नाची आठवण काढायला लावलीस." पण तू नव्हतीस, म्हणून मीच छळलं.

आणि मग तुला न्यायची वेळ झाली. तुझा भाचा विनय आणि आणखी तिघं वाकले. विनय भला आहे, तुला ठाऊक आहे. पण त्यानं सरळ तुझ्या पायाला हात घातला, आणि मी दारातून ओरडलेच म्हण. "विनय, थांब. आधी खांद्यांखाली हात घाल. डावा पाय सरळ होत नाही तिचा, तो ओढू नकोस. गुडघ्याखाली आधार दे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मेलेल्या माणसाला काय दुखणार, असं सगळ्यांच्या तोंडावर होतं. पण विनयनं ऐकलं. त्यानं हात काढून खांद्यांखाली घातले. इतकी वर्षं तू कुणाला म्हणजे कुणाला उचलू दिलं नाहीस, त्यामुळे तुला कसं उचलायचं हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मी असं का बोलले हे त्या गर्दीत फक्त आपल्या रविवारच्या फेऱ्यांतल्या दिलीपला कळलं. तो गल्लीच्या तोंडाशी गाडीवर बसून होता, त्यानं लांबूनच मान हलवली. बाकीच्यांना सांगायची माझी इच्छा नव्हती. पण तुला सांगते. तुला माहीत असलेलंच सांगते, कारण त्या दिवसाबद्दल आपलं दोघींचं कधी एकमत झालं नाही, आणि आता माझ्या बाजूनं बोलायला मी एकटीच उरले आहे.

तुझ्या टेलिफोन बूथवर मी पहिल्यांदा आले तेव्हा पुण्यात येऊन मला आठवडासुद्धा झाला नव्हता. शनिवार पेठेतलं ते एका खोलीचं दुकान, वर पिवळी पाटी, आत काचेची पेटी आणि टेबलामागे तू. अपंगांना बूथ द्यायचे ते दिवस होते. तुझ्यामागे भिंतीला दोन कुबड्या टेकलेल्या बघून मला एकदम हायसं वाटलं, कारण माझ्याही हातात त्याच होत्या. मला अकोल्याला घरी फोन करायचा होता. वहीत नाव लिहायचं म्हणून मी आपणहून पूर्ण नाव सांगायला लागले आणि आडनावापाशी अडखळले. कॉट बेसिसची जागा शोधताना चार दिवसांत मला कळलं होतं की पुण्यात आडनाव सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो, आणि मग जागा कालच गेलेली असते.

तू पेन खाली ठेवलंस. "मला आडनावाचं काय करायचंय? गाव सांग. अकोला? म्हणजे शून्य सात दोन चार. जा, लाव."

मी आईला फोन लावला आणि "मी बरी आहे" म्हणून ढसाढसा रडले. बाहेर आले तेव्हा तू पैसे घेतलेस, सुटे परत दिलेस, आणि म्हणालीस, "बरी असताना एवढं रडतेस, तर बरी नसताना फोन करू नकोस. लाइन बिघडेल."

मला तेव्हा राग आला होता. पुणेरी बोलणं अंगावर घ्यायची सवय नव्हती. तू माझ्या वऱ्हाडी बोलीचीही टिंगल केलीस. "करून राहिले" म्हटलं की म्हणायचीस, "किती वेळ करून राहणार? उरक आता." पण खोली मिळवून दिलीस तूच, तळमजल्यावरची, नातूबाग मागे टाकली की लगेच. घरमालकिणीला आडनाव सांगितलंस, मोठ्यानं, माझ्यासमोर, आणि तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिलीस. ती बाई थांबली. तू म्हणालीस, "थांबा हो हवं तेवढं. मला घाई नाही. मी तशीही हळूच चालते." खोली मिळाली.

गाडीही तूच घ्यायला लावलीस. गिअर नसलेली जुनी स्कूटर, मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्यांवर बसवलेली दोन छोटी चाकं. पहिल्या दिवशी मी तुझ्या गल्लीतून नदीपर्यंत गेले आणि परत आले. जन्मात पहिल्यांदा मी कुणाच्यातरी पुढे गेले होते. एका चालत्या माणसाला मी ओलांडलं, कुंदाताई! तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "हॉर्न वाजवलास का? नाही? मग फुकट गेलं."

मग ती नोकरी. हिंजवडीत तेव्हा नुकत्या काचेच्या इमारती उठत होत्या. मी कॉम्प्युटरची परीक्षा पास झाले होते, कंपनीची लेखी परीक्षा दिली, मुलाखत दिली. कंपनीनं शहरात घेतलेल्या हॉटेलच्या हॉलमध्येच हे सगळं झालं, म्हणून मी पोचू शकले होते. शेवटी एका साहेबांनी मला बसवून फार गोड आवाजात सांगितलं की तुमचे मार्क उत्तम आहेत, पण आमच्या बसच्या पायऱ्या उंच आहेत, रस्ता लांबचा आहे, पावसाळ्यात हाल होतील, तुमच्याच काळजीपोटी सांगतो, घरच्यांशी बोलून विचार करून कळवा. मी घरी फोन केला. बाबा म्हणाले, प्रज्ञा, परत ये, जिल्हा परिषदेत जागा निघणार आहेत, अपंगांच्या कोट्यातून होईल काहीतरी. बाबांचं चूक नव्हतं. बाबासाहेबांच्या मागे जाऊन आमच्या घरानं जे मिळवलं ते शिक्षणानं आणि सरकारी नोकरीनं मिळवलं. काचेच्या इमारतीचा त्यांना भरवसा नव्हता. खरं तर मलाही नव्हता. डेक्कनच्या पलीकडे मी गाडी कधी नेली नव्हती.

पेटीतून बाहेर आले तर तू सगळं ऐकलेलं होतंस. काच असूनही तुला सगळं ऐकू यायचं. मला वाटलं, तू आता त्या साहेबाला शिव्या घालशील. तू म्हणालीस, "त्याला काय कळवायचं ते नंतर ठरव. आधी रस्ता बघून ये. रस्ता तुला झेपला नाही तर तसं सांग. झेपला तर तसं सांग. न बघता दुसऱ्याच्या काळजीवर कशाला सही करतेस?"

आणि त्या रविवारी तू सगळ्यांना गोळा केलंस.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी अंगाला गार लागत होतं. तू, मी, नसीम आणि आणखी तिघं शनिवार पेठेतून निघालो, आणि दिलीप वारज्याला येऊन मिळाला. नसीम कॅम्पात शिवणकाम करायची, दिलीप बँकेत क्लार्क होता. सगळ्यांच्या गाड्यांना तीच चाकं, सगळ्यांच्या कुबड्या पायापाशी उभ्या बांधलेल्या. कर्वे रोडवर सिग्नलला आपण थांबलो की आख्खा रस्ता भरून जायचा. आपल्या गाड्या मागून रुंद, दोन गाड्यांच्या फटीतून निघत नाहीत. मागचे लोक हॉर्न मारत होते. एक जण ओरडला, वरात काढलीय का? तू मान वळवून म्हणालीस, "हो. तुम्ही बँडवाले का? वाजवताय बरं."

वारज्यापासून नव्या बायपासला लागलो. ट्रक बाजूनं गेला की गाडी हलायची. मी हँडल इतकं घट्ट धरलं होतं की बोटं सुटेनात. तू पुढे होतीस, नेहमीसारखी, मरून रंगाचा स्वेटर आणि डोक्याला बांधलेला पांढरा रुमाल. मी फक्त त्या रुमालाकडे बघत चालवली. बावधन मागे पडलं, डोंगर उजवीडावीकडे आले आणि गेले, आणि मग हिंजवडी. उसाची शेतं, त्यांच्यामध्ये अर्धवट इमारती, आणि एका बाजूला ती पूर्ण झालेली, निळ्या काचांची. गेट बंद होतं. रविवारचा वॉचमन खुर्चीत बसून पेपर वाचत होता. मी गेटसमोर गाडी बंद केली आणि बघत राहिले. दाराला तीन पायऱ्या होत्या. एवढंच. एवढ्या लांबून जिला मी घाबरत होते तिला तीनच पायऱ्या होत्या.

"झालं बघून?" तू विचारलंस. "चला मग. आल्या वाटेनं जायचं नाही. मागच्या अंगानं जाऊ, माणवरून घोटावड्याला आणि पिरंगुटावरून घरी."

दिलीपनं विरोध केला. तो म्हणाला, कुंदा, तो रस्ता कच्चा आहे, काम झालंय ना, सरळ घरी जाऊ. तू म्हणालीस, काम तिचं झालं, माझं नाही झालं, मी रोज चार भिंतींत बसून लोकांना अमेरिका जोडून देते, मला घोटावडं बघू दे. यावर काय बोलणार? सगळे तुझ्यामागे निघालो.

तो रस्ता मला अजून जसाच्या तसा दिसतो. माण सोडलं आणि डांबर संपत गेलं. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, काही कापलेली, काही उभी. आंबेमोहोराचा वास इतका दाट होता की नसीम म्हणाली, भूक लागली, कुणीतरी भात शिजवतंय. कुणी शिजवत नव्हतं, तो उभ्या पिकाचाच वास होता. तू गाणं म्हणत होतीस. तुझा आवाज वाईट होता, ताई, हे तुला कुणी तोंडावर सांगितलं नसेल तर आता सांगते.

चढाला लागलो आणि माझ्या गाडीचं उजवं चाक निखळलं. पट्टीचा जोडच तुटला. गाडी तिरकी झाली आणि मी रस्त्याच्या कडेला मुरमात पडले. फार लागलं नाही, कोपर सोललं. पण पायाला बांधलेल्या लोखंडी कॅलिपरची कडी मांडीत रुतली होती आणि मला उठता येईना. तुम्ही सगळे थांबलात. आणि मग आपल्याला कळलं की आपल्या सगळ्यांत मिळून एकही माणूस असा नाही की जो खाली वाकून दुसऱ्याला उठवू शकेल.

दिलीप उतरून माझ्याजवळ आला, दोन कुबड्यांवर उभा राहिला, आणि नुसता उभाच राहिला. नसीम हसायला लागली. मग मीही हसले. मुरमात पडल्या पडल्या हसत होते आणि आतून घाबरले होते.

तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत भाताचे भारे, वर दोन गडी, आणि चालवणारा पांढऱ्या टोपीतला शेतकरी. त्यानं ट्रॅक्टर थांबवला, आपल्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "कुटनं आलाव म्हणायचं?" पुण्यातनं, दिलीप म्हणाला. "आन् हितं काय काम हाय?" दिलीपनं मानेनं माझ्याकडे दाखवलं. शेतकऱ्यानं मागं वळून गड्यांना सांगितलं, "उतरा रं. त्या पोरीला उचला आन् घाला ट्रॉलीत. गाडी बी घ्या वर. पिरंगुटाला सोडू."

भला माणूस होता. गडीही भले होते. त्यांनी उड्या मारल्या आणि माझ्याकडे आले, एकानं वाकून माझ्या पायांना हात घातला. आणि तुझी कुबडी मध्ये आली. गाडीवरून उतरून तू कधी आलीस ते मला कळलंसुद्धा नाही.

"तिला विचारलं का?" तू म्हणालीस.

गडी चपापला. शेतकरी म्हणाला, "अवो बाई, मदत करतुया आमी."

"दिसतंय. तिला विचारलं का?"

शेतकऱ्याला राग आला, आणि त्यात त्याचं काही चूक नव्हतं. दिलीप म्हणाला, कुंदा, पुरे कर, पोरगी मुरमात पडलीय. उन्हाचा ताव वाढत होता. आणि तू माझ्याकडे बघितलंस. तू वरून, मी खालून.

"प्रज्ञा, तुला काय हवंय?"

तुला काय उत्तर हवं होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. तुला हवं होतं की मी म्हणावं, मी माझी उठेन. लहानपणी तुला काखोटीला मारून शाळेत, देवळात, लग्नात नेलं होतं, बोचक्यासारखं, कुठं जायचं ते न सांगता. ते तू मला एकदा सांगितलं होतंस, फार थोड्या शब्दांत. त्यानंतर तू ठरवलं होतंस की पुन्हा जमिनीवरून आपल्याला कुणी उचलायचं नाही.

पण माझी मांडी जळत होती. मी म्हटलं, "मला उचललं तरी चालेल."

तुझा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. क्षणभर तू रस्त्याच्या त्या बाजूला, खाचरांकडे बघत राहिलीस. मग कुबडी बाजूला घेतलीस आणि गड्याला म्हणालीस, "उचला. पण ती सांगेल तसं. तिचं अंग आहे, तिला माहितीय कुठं धरायचं."

मग मला सांगावं लागलं. जन्मात मी कधी असं सांगितलं नव्हतं. आजवर लोकांनी उचललं आणि मी डोळे मिटून घेतले. मग मी म्हटलं, "आधी काखेत हात घाला. पाय सोडा. ते लोखंड ओढू नका, आत लागतं. आता गुडघ्याखाली. हां. आता उचला." आणि त्या दोघांनी तसंच केलं, शब्दाशब्दाला थांबत, "असं का ताई? आता?" असं विचारत. कुठंही दुखलं नाही. त्यांनी मला भाताच्या भाऱ्यांवर ठेवलं तेव्हा मी पहिल्यांदा उचलल्यावर डोळे उघडे ठेवून बसले होते. वरून सगळी खाचरं दिसत होती. तुम्ही सगळे ट्रॅक्टरमागून ओळीनं येत होतात, आणि एकदाच, त्या एकाच दिवशी, तू पुढे नव्हतीस.

पिरंगुटाला वेल्डिंगच्या दुकानात चाक बसवून घेतलं. शेतकऱ्यानं चहाचे पैसे आपल्याला देऊ दिले नाहीत. जाताना तुला म्हणाला, "बाई, तुमी लई कडक हाव." तू म्हणालीस, "तुम्ही लई भले आहात. मला दोन्ही चालतं." तो हसला. भूगावच्या तळ्यापाशी आपण थांबलो आणि दशम्या खाल्ल्या, आणि तू माझ्याशी संध्याकाळपर्यंत एक अक्षर बोलली नाहीस.

सोमवारी मी तुझ्याच बूथवरून त्या साहेबांना फोन केला. तू टेबलामागे बसून हिशेब केल्यासारखं करत होतीस. मी म्हटलं, मी येऊन रस्ता बघून गेले. मी माझ्या गाडीनं येईन, बसची गरज नाही. गाडी दाराजवळ लावायला जागा हवी. तीन पायऱ्या आहेत, त्यांच्यावर फळी टाका. ती कशी टाकायची ते मी सांगेन. मग ते म्हणाले, विचारून सांगतो. त्यांनी विचारलं आणि सांगितलं. मी रुजू झाले. फळी प्लायवूडची होती, पहिल्याच पावसात घसरली, आणि तिच्या जागी पक्का उतार यायला मला बरंच भांडावं लागलं. पण तो आला. आजही आहे. त्यावरून आता सामानाच्या ट्रॉल्या जातात, लहान मुलांच्या गाड्या जातात, ज्यांच्या पायाला काही झालेलं नाही अशी पोरं मोबाइलवर बोलत त्याच्यावरूनच चढतात.

मी तुला म्हणायचे, ती नोकरी मला घोटावड्याच्या रस्त्यावर मिळाली. तू म्हणायचीस, मूर्ख आहेस, मार्कांवर मिळाली. मी म्हणायचे, ताई, उचलून घेण्यात हार नसते, फक्त विचारायला हवं, हे तूच मला शिकवलंस. तू म्हणायचीस, "मी तुला शिकवलं, मला नाही शिकवलं." हा वाद आपण किती वर्षं घातला! माझ्या लग्नाला हॉल पहिल्या मजल्यावर होता, कारण दुसरा मिळाला नाही. तू पायरीवर बसून, पाठमोरी, एक एक पायरी हातांनी वर सरकत आलीस. त्रिशरण झालं, पंचशील झालं, लोक जेवायला बसले, तेव्हा तू दारात दिसलीस, साडी धुळीनं माखलेली. मी चिडले. मी म्हटलं, चार जण उभे होते खाली तुला उचलायला. तू म्हणालीस, "होते ना. म्हणूनच उशीर झाला. प्रत्येकाला नाही म्हणत यावं लागलं."

मोबाइल आले आणि बूथ बसला. पिवळी पाटी उतरली, झेरॉक्सचं मशीन आलं. मी किती वेळा म्हटलं, आमच्याकडे फोनवर बोलायची कामं निघतात, तुझ्यासारखी जीभ कुणाकडे आहे? तू ऐकलं नाहीस. तुझं म्हणणं, तिथं मी प्रज्ञाची ताई म्हणून येणार, इथं मी कुंदा आहे. मला ते अजून पटलेलं नाही. तू चूक होतीस. तुझ्या त्या बोळात तू झेरॉक्स काढत बसलीस आणि पुण्यातल्या निम्म्या माणसांना शहाणं करायचं राहून गेलं.

पण माझी तक्रार एवढीच आहे. बाकी सगळं तुझं देणं आहे. आता मी डॉक्टरला सांगते, हात कुठं धरायचा. विमानतळावर सांगते. नवऱ्याला सांगते. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो म्हणाला, तू किती हुकूम सोडतेस गं. मी म्हटलं, हे माहेरून आणलंय. अकोल्याच्या नव्हे, शनिवार पेठेच्या.

तुला निमोनिया झाला तेव्हा आपल्या मंडळींच्या दर दिवाळीनंतरच्या रविवारच्या फेरीला आठवडा बाकी होता. दवाखान्यातून तू मला फोन केलास, तोंडावरचं ते ऑक्सिजनचं काढून. मागून नर्स ओरडत होती ते ऐकू येत होतं. मी म्हटलं, फेरी पुढे ढकलू. तू दम घेत घेत म्हणालीस, "ढकलायला ती काय बंद पडलेली गाडी आहे? तुम्ही जा. आणि मी गेले तरी जा. फक्त रडत कुणी चालवू नका. रस्ता दिसत नाही." मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात नर्सनं फोन घेतला. मला काय बोलायचं होतं ते मलाही नक्की माहीत नव्हतं. तेवढं राहिलं.

बुधवारी तुझ्यामागे वैकुंठ स्मशानभूमीपर्यंत आम्ही सगळे गाड्यांवरून आलो. विनयनं रिक्षा सांगितल्या होत्या. आम्ही नाही म्हटलं.

आणि काल रविवार. आम्ही निघालो. दिलीपचे केस पांढरे झालेत, नसीमची गाडी आता विजेवर चालते, आवाजच करत नाही. वारज्याला जमल्यावर दिलीप म्हणाला, कुंदाची पुढची जागा रिकामी ठेवू, कुणी पुढे जाऊ नका. सगळ्यांना ते बरं वाटलं. मला नाही वाटलं. मी म्हटलं, मोकळी जागा ठेवली तर त्यात रिक्षा घुसेल. आणि मी पुढे झाले.

बायपास, बावधन, हिंजवडी. मेट्रोचे खांब, ऊस कुठंच नाही. माणपासून घोटावड्याच्या रस्त्याला आता डांबर आहे, दोन्ही बाजूंना इमारतींच्या जाहिराती, पण मध्ये मध्ये अजून खाचरं आहेत, आणि काल तिथं भात उभं होतं. वास आला. तिथून पुढे मी रडायला लागले, आणि थांबले नाही. ना रडायची थांबले, ना गाडी. चढावरचा खड्डा दिसला, तो चुकवला. समोरून चुकीच्या बाजूनं टेंपो आला, तो लांबूनच दिसला, आणि हॉर्न वाजवून मी त्याला त्याच्या बाजूला जायला लावलं. मागच्यांना हात करून वळण दाखवलं. पिरंगुटापर्यंत रडत होते आणि सगळं स्वच्छ दिसत होतं, ताई.

हे एक तुझं चुकलं. रडतानाही रस्ता दिसतो.